केंदूरचे आजारी, दौंडचे निरोगी

फॉर्मवरचा सहावा रकाना मी स्वतः पट्टी लावून खोडला होता. नाव, वय, गाव, शिक्षण, व्यवसाय आणि सहावा, जात. पुण्यातल्या माझ्या मार्गदर्शकांनी फॉर्मचा कच्चा नमुना पुढे सरकवला आणि चष्मा काढून म्हणाले, "रक्ताला जात नसते. हा रकाना आपल्याला शोभत नाही." चष्मा काढून बोललेली त्यांची वाक्यं पुढे भाषणात यायची, हे मला तोवर माहीत झालं होतं. पण हे वाक्य मला मनापासून आवडलं. आम्ही बौद्ध. हा रकाना मी शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत भरत आलो आणि भरून झाल्यावर समोरच्याचा चेहरा वाचत आलो. एका तरी कागदावर तो नसेल, या आनंदात मी रेघ मारली. एकदा मारून समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्यांदा मारली.

त्या रेघेत पुढे चार वर्षं मी अडकलो. मी अडकलो याचं फारसं काही नाही, मला सवय होती. एक मुलगी अडकली, त्याची ही हकिगत.

नव्वदचं दशक संपून नुकतंच दोन हजार साल उलटलं होतं. मी शिरूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि पुण्याला पीएच.डी.साठी नाव नोंदवून बसलो होतो. विषय होता कोड. अंगावर पांढरे डाग पडतात तो आजार. तो लागत नाही, दुखत नाही, माणूस त्यानं मरत नाही. फक्त लोक त्याच्या हातचं पाणी घ्यायला कचरतात. आपल्या जनुकांमध्ये माणसामाणसांत बारीकसारीक फरक असतात. त्यातला एक ठरावीक फरक आजारी लोकांत जास्त सापडला आणि निरोगी लोकांत कमी, तर त्याचा आजाराशी संबंध असावा असं म्हणायचं. पद्धत एवढी सोपी आहे. त्यासाठी आजाऱ्यांचं रक्त लागतं आणि तुलनेला निरोग्यांचं. आजाऱ्यांना आम्ही केस म्हणायचो आणि निरोग्यांना कंट्रोल.

केस मला मामांनी मिळवून दिल्या. मामा आमच्या कॉलेजचे शिपाई, राहणार केंदूरचे. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आता ज्वारी आणि कांदा. मामींच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत डाग होते. मी केंदूरला त्यांच्या वस्तीवरच्या देवळात शिबिर ठेवलं तेव्हा सकाळी दहापर्यंत कुणी फिरकलं नाही. डाग असलेली माणसं लांब लिंबाखाली उभी राहून बघत होती. मग मामी आल्या, सतरंजीवर बसल्या, चोळीची बाही वर केली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "घ्या सर. चाळीस साल लोकांनी फुकट बघितलं, आता कामाला तरी येऊ द्या." लिंबाखाली हशा झाला आणि रांग लागली. आसपासच्या वाड्यांवरूनही माणसं आली. मामांचेच सोयरेधायरे, भाऊबंद, त्यांचे व्याही. आठवडाभरात माझा बर्फाचा डबा जांभळ्या बुचाच्या नळ्यांनी भरला.

कंट्रोल मिळवणं अवघड जातं. निरोगी माणसाला रक्त द्यायचं कारण नसतं. पण माझी बहीण दौंडला रेल्वे क्वार्टर्समध्ये होती आणि मेहुण्यांना सगळी कॉलनी ओळखत होती. दर दुसऱ्या रविवारी मी एसटीनं दौंडला जायचो, बहिणीच्या ओट्यावर टेबल मांडायचो, मेहुणे रक्तातली साखर फुकट तपासून मिळेल असं जाहीर करायचे आणि दुपारपर्यंत माझ्या नळ्या संपायच्या. गार्ड, फिटर, तिकीट तपासनीस, त्यांच्या बायका. कुणी तेलुगू, कुणी तमिळ, कुणी बिहारकडचे, एक गोव्याचे म्हातारे ड्रायव्हर तर रक्त देताना इंजिनाची शिट्टी तोंडानं वाजवून दाखवायचे. नंतर बहिणीच्या हातचं मटण. मला हे शास्त्र फार आवडायला लागलं होतं.

निकाल लागला तो झोकदार होता. तो फरक केसमध्ये भरपूर आणि कंट्रोलमध्ये विरळ. मार्गदर्शकांनी पेपर लिहिला, दुसरं नाव माझं. लगेच शिरूरला सत्कार ठरला, कारण आमच्याकडे कुणाचंही काहीही छापून आलं की शाल तयारच असते. प्रमुख पाहुण्यांनी कोड आणि कुष्ठरोग यांत गल्लत करून पाऊण तास मार्गदर्शन केलं. मग मार्गदर्शक उठले, चष्मा काढला आणि म्हणाले, "रक्ताला जात नसते. पण रक्ताला स्मरणशक्ती असते. केंदूरच्या मातीत आम्हाला कोडाचं जनुक सापडलं." टाळ्या. त्यांनी मामींना व्यासपीठावर बोलावून घेतलं, त्यांचा हात हातात धरला आणि फोटो काढवला. जनुक मातीत सापडत नाही, हे सांगायला ती जागा योग्य नव्हती. मीही टाळ्या वाजवल्या.

फोटो तालुक्याच्या पानावर आला. खाली मथळा, केंदूर परिसरात कोडाचे जनुक.

मामांच्या मुलीची सुपारी त्याच महिन्यात फुटली होती. मुलगी माझ्याच वर्गात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वर्गात शेवटच्या बाकावर बसून पहिल्या बाकाचे प्रश्न विचारणारी. स्थळ भांडगावचं, सोलापूर रस्त्याला शेती असलेलं, यांच्याच समाजातलं. मुलगा चौफुल्याजवळ एका कारखान्यात सुपरवायझर होता. मामींचे हात त्या लोकांनी पाहिले नव्हते असं नाही. चहा मामींनीच दिला होता आणि तो त्यांनी प्याला होता. डाग मामींचे होते, मुलीच्या अंगावर एक ठिपका नव्हता, आणि सगळ्यांनी समजूतदारपणे तिथंच विषय सोडला होता. पेपरात आलं आणि डाग मामींचे राहिले नाहीत, घराचे झाले.

भांडगावहून निरोप आला तो नम्र होता. लग्न मोडायचं नाही. फक्त मुलीत ते जनुक नाही असा कागद सरांकडून आणावा.

मामा माझ्यासमोर उभे राहिले तेव्हा हातात घंटेचा टोल होता. तास संपवायला निघाले होते.

"सर, द्या की लिहून. तुमच्या हातातलं हाय."

"मामा, तपासल्याशिवाय कसं लिहू?"

"मग तपासा."

"आणि सापडलं तर?"

मामांनी टोलाकडे पाहिलं. "तुमी वर्गात हजेरी घेता तसं बोलू नका सर. त्या लोकांनी तारीख धरलीय." आणि जाऊन घंटा दिली, दोन टोल जास्तच.

त्याच सुमारास पुण्याच्या ग्रंथालयात मला दोन पेपर मिळाले. दोन्ही आमच्याच जनुकावरचे. एक दक्षिणेतल्या गटाचा. त्यांना काहीच संबंध आढळला नव्हता. दुसरा परदेशातला, त्यांच्याकडे हा फरक निरोगी लोकांतच किंचित जास्त होता, म्हणजे असेल तर तो माणसाला वाचवतच होता. मी दोन्ही मार्गदर्शकांपुढे ठेवले. त्यांनी पहिला वाचून "त्यांचं काम कच्चं आहे" म्हटलं आणि दुसरा न वाचता "त्यांची लोकसंख्या वेगळी आहे" म्हटलं. आमच्याशी जुळणारा आणखी एक लेख त्यांच्याकडे होता. त्याला ते पुष्टी म्हणत. जुळतो तो पुरावा आणि जुळत नाही ती वेगळी लोकसंख्या, असा हिशेब असल्यावर माणूस कधीच चुकत नाही.

पण लोकसंख्या हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. शिरूरला येऊन मी नोंदवह्या काढल्या. एका बाजूला केंदूरची, दुसऱ्या बाजूला दौंडची. जातीचा रकाना मी खोडला होता, आडनावं खोडायची राहिली होती. केंदूरच्या वहीत सात-आठच आडनावं पुन्हा पुन्हा येत होती. दौंडच्या वहीत अख्खा भारत होता, आणि मामांच्या आडनावाचा एकही माणूस नव्हता. मी आजारी आणि निरोगी यांची तुलना केलीच नव्हती. मी एका समाजाची तुलना रेल्वेशी केली होती. तो फरक त्या समाजात मुळातच जास्त असेल, डाग असो वा नसो, तर आमचा निकाल अस्साच लागला असता. डाग नसलेल्यांतही तो तेवढाच सापडला असता.

मी वही मिटली आणि पुन्हा उघडली, जणू मधल्या वेळात कुणीतरी दौंडला जाऊन आलं असेल.

उपाय मला माहीत होता. केंदूरच्याच, त्याच वाड्यांवरच्या, डाग नसलेल्या माणसांचं रक्त घ्यायचं. मार्गदर्शकांना मी "कंट्रोल वाढवतो" एवढंच सांगितलं. नवे फॉर्म छापायला दिले आणि सहावा रकाना परत घातला. छापखान्यातला माणूस म्हणाला, "मागच्या टायमाला तुमीच काढाय लावला हुता न्हवं?" मी म्हणालो, चूक झाली. हे बोलायला एवढं जड जाईल असं वाटलं नव्हतं.

या वेळी लिंबाखालून कुणी पुढे आलं नाही. मामी घरातच राहिल्या. पहिली नळी मामांच्या मुलीनं दिली. सुई जात असताना तिनं विचारलं, "सर, मागच्या वेळचे कंट्रोल कुठले होते?"

"दौंडचे."

"दौंडला आमची किती घरं आहेत?"

मी नळीवर चिठ्ठी चिकटवायला लागलो. तिनं कापूस दाबून धरला आणि माझ्याकडे परीक्षकासारखं पाहिलं. मग उठून दारोदार फिरली आणि भाऊबंदांना ओढून आणलं. एका चुलत्याला म्हणाली, "आप्पा, ट्रॅक्टरला डिझेल देता तेवढं बी रक्त जाणार न्हाई, चला."

निकाल यायला पावसाळा गेला. तो फरक डागवाल्यांत आणि बिनडागवाल्यांत सारखाच होता. आजाराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मी तो कागद घेऊन पुण्याला गेलो आणि मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. दौंड, मटण, आडनावं, काही ठेवलं नाही.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे आता आपल्याकडे दोन निकाल आहेत. परस्परविरोधी. असं होतं. अधिक संशोधनाची गरज आहे."

"सर, दोन निकाल नाहीत. पहिला चुकलाय."

"पहिला छापून आलाय." त्यांनी चष्मा काढला. "आणि हे छापायचं म्हणजे काय लिहायचं? की आम्ही जात विचारली नाही म्हणून चुकलो? तुम्ही लिहिणार हे? तुम्ही?"

त्या शेवटच्या 'तुम्ही'वर त्यांनी जोर दिला नव्हता. द्यायची गरज नव्हती. माझी पीएच.डी. त्यांच्या सहीवर होती, आणि माझी रेघ फॉर्मच्या कच्च्या नमुन्यावर अजून दिसत होती. मी कागद गोळा केले. जिना उतरताना लक्षात आलं की मी त्यांना "बरं सर" म्हणून आलो होतो.

भांडगावला जायचं मात्र टाळता येत नव्हतं. मामा आणि मी न्हावरे, पारगाव करत चौफुल्याला उतरलो आणि जीपनं भांडगावला गेलो. ओसरीवर मुलाचे वडील, दोन चुलते आणि मुलाचे आजोबा. सगळे त्यांना आबा म्हणत. उमेदीत ते मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरत. मी कागद पसरले आणि वर्गात शिकवतो तसं सुरू केलं. पाच मिनिटांत मुलाचे वडील पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले.

आबांनी हात वर केला. "थांबा मास्तर. मी सांगतो, चुकलं तर बोला. माझ्या कळपातली मेंढरं काळी. एका साली खुरकत आली. आजारी मेंढरं मी धरली माझ्या कळपातली. आन् धडधाकट कोणती त्ये बघाय गेलो दौंडच्या बाजारात. तितं सगळ्या मुलखाची, बहुतेक पांढरी. आन् घरी येऊन म्हणलो, काळ्या लोकरीनं खुरकत होती. असंच ना?"

"अगदी असंच, आबा."

"मग धडधाकट बी माझ्याच कळपातली बघायची हुती."

"तीच चूक झाली."

"एवढं शिकून?"

"हो."

"आन् तुमच्या त्या मोठ्या सायबाला कुणी सांगितलं न्हाई?"

"मी सांगितलं."

आबा हसले. सगळा समाज ओसरीवर असताना असं कुणी माझ्यावर हसलं तर मला राग येतो, पण या हसण्यात मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. मामांनी तर कपातला चहा बशीत ओतायलाही सुरुवात केली. मग आबा म्हणाले, "मला कळलं. पर मी काय, नुसता वरातीत पुढं चालणार हाय. ह्या घरात बाया हायेत, भावकी हाय. त्यांनी पेपरात वाचलं. तुमी पेपरातच सांगा की चुकलं म्हणून. आमी थांबतो."

थांबतो. या एका शब्दात पुढचं सव्वा वर्ष गेलं.

मी तालुक्याच्या त्याच वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. सही माझी, चूक माझी, दौंडचा उल्लेख स्पष्ट. मार्गदर्शकांचं नाव घातलं नाही. सहीची आठवण होती. पत्र कापून चार ओळींत छापलं आणि वर मथळा घातला, कोडाच्या जनुकाबाबत शास्त्रज्ञांत मतभेद. म्हणजे आधी जनुक होतं, आता त्यावर वादही होता. केंदूरच्या पारावर लोक म्हणायला लागले, काहीतरी असल्याशिवाय एवढी माणसं भांडत्यात व्हय? भांडगावहून निरोप आला, नम्रच. एक कागद हो म्हणतो, एक नाही म्हणतो. तिसरा येऊ द्या.

मामा रोज घंटा देत आणि रोज मला विचारत, "तिसरा कवा?" तिसरा कागद कुणी करत नव्हतं. मी टंकलेल्या प्रकरणांच्या गठ्ठ्यासमोर बसायचो. प्रकरण चार, पहिला निकाल. प्रकरण पाच, दुसरा निकाल. मार्गदर्शकांनी दोन्ही राहू दिली होती, पण निष्कर्ष एकच हवा होता.

एका दुपारी प्रयोगशाळेत मामांची मुलगी आली. बेडकांचे ट्रे मोजून ठेवत मी एकटाच होतो.

"सर, माझ्या नळीत काय निघालं?"

नियमानं मला ते सांगायचं नव्हतं. पण नळी तिची होती. "आहे," मी म्हणालो. "तो फरक तुझ्यात आहे. तुझ्या आप्पात आहे. वाडीतल्या बहुतेकांत आहे. भांडगावच्या ओसरीवर बसले होते त्यांच्यातही बऱ्याच जणांत असणार. त्याचा अर्थ काही नाही."

"मग मी केस की कंट्रोल?"

"कंट्रोल."

ती थोडी हसली. "म्हणजे निरोगी, पण थांबून राहिलेली." मग ओट्यावरचं ट्रेचं झाकण तिनं सरळ केलं. "सर, तिसरा रिपोर्ट आला तरी ते चौथा मागतील. मी बाबांना सांगितलंय, साडी परत करू. तुम्ही बाबांबरोबर जाल का? एकट्यानं जायला त्यांना कसंतरी होतंय."

मी गेलो. त्याच एसटीनं, त्याच चौफुल्यावर. सुपारीची साडी मामांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरली होती. पारगावला गाडी थांबली तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे दिली आणि खिडकीबाहेर बघत बसले. भांडगावला आबांनीच ती घेतली. घरातल्या बाया आत होत्या, बाहेर कुणी आलं नाही.

"मेंढरांचं मला तवाच कळलं हुतं मास्तर," आबा म्हणाले.

"हो आबा."

"मग तुमी पुन्यांदा कशाला आला?"

आम्ही चहा घेतला नाही. आबांनी आग्रहही केला नाही, आणि त्यात राग नव्हता हे मला जास्त लागलं.

परत येताना मामा एकच बोलले. "सर, त्या पुस्तकातनं आमचं केंदूर निघंल का?" ते माझ्या प्रबंधाला पुस्तक म्हणत. मी म्हणालो, बघतो.

केंदूर निघालं नाही. पाचवं प्रकरण मी नेटानं लिहिलं, जातीचा रकाना का लागतो हेही लिहिलं, आणि हे वाक्य लिहिताना हात थांबला तरी लिहिलं. पण शेवटच्या पानावर मार्गदर्शकांनी पेन्सिलनं दिलेलं वाक्य शाईनं मीच उतरवलं. दोन्ही निकाल परस्परविरोधी असून अधिक संशोधनाची आवश्यकता आहे. त्याखाली त्यांची सही आली. मला पदवी मिळाली. कॉलेजात शाल देणार होते, ती मी टाळली. एवढंच शौर्य मला जमलं. पुढे या जनुकावरचे सगळे पेपर एकत्र मांडणारा एक लेख आला. त्यात आमचा पहिला पेपर एका ओळीत होता. पाचवं प्रकरण कुठंच छापलेलं नव्हतं, त्यामुळे ते नव्हतं.

मामांच्या मुलीला शिक्रापूरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. लग्न तीन वर्षांनी झालं, ज्या घरी झालं त्यांनी कागद मागितला नाही. मी जेवायला होतो. मामी पंगतीत वाढत होत्या. वैशाखातलं ऊन होतं आणि त्यांच्या चोळीच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

प्रबंधाची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. कपाटं झटकायचं काम दर सुट्टीत मामांकडे असे. माझी प्रत ते बाहेर काढायचे, फडक्यानं पाठपोट पुसायचे आणि जागेवर ठेवायचे. त्यांनी ती कधी उघडली नाही. मीही त्यांना कधी म्हणालो नाही की मामा, पाचवं प्रकरण तुमच्या बाजूनं आहे. त्यांनी विचारलं असतं, मग शेवटी काय लिहिलंय?